हेल्मेटातली खरखर

मंडईत हुरड्याची कणसं आली की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं तोंड कडू होतं. परवा लक्ष्मी मंडईच्या बाहेर एक बाई पोतं अंथरून कोवळी कणसं मांडून बसली होती. गूळभेंडी जोंधळ्याची, हिरवीगार, दाणा टच्च भरलेला. मला बघून म्हणाली, "घ्या की आबा, पाटंच मोडल्याती." मी म्हटलं, "कुणासाठी घेऊ?" तिनं बिचारीनं हातातलं कणीस परत पोत्यावर ठेवलं. तिचा काय दोष? पण तोडून बोलायची माझी जुनी खोड आहे, आणि त्यावरून मला झापणारी आता घरात नाही.

हुरडा म्हणजे आमच्याकडं मैंदर्गीचा रस्ता. माझी बायको सुलोचना, सगळे सुलन म्हणायचे, तिचं माहेर मैंदर्गीचं. पौषातली थंडी. सकाळी अक्कलकोट रोडच्या कारखान्यांवरून जाताना यंत्रमागांची खटखट मोटारसायकलच्या सीटमधून मांडीला जाणवायची. गाव सुटलं की दोन्ही अंगाला जोंधळा, त्यावर उन्हाची तिरीप, कुठंतरी कुणी पाखरं हाकतंय. तिचा धाकटा भाऊ मल्लप्पा दरवर्षी निरोप धाडायचा, "दाजी, ताईला घिऊन या. दाना कडक व्हायच्या आत या." कोवळा दाणा फार थोडे दिवस टिकतो. आत दूध असतं. ते आटलं की ती ज्वारी, मग तिची भाकरीच करायची. सुलन त्या थोड्या दिवसांसाठी वर्षभर वाट बघायची. दागिना मागितला नाही तिनं कधी. हुरडा मात्र चुकवू दिला नाही.

मी चौथीतून उठलो आणि मागावर लागलो. टॉवेल आणि चादरी. शेडात इतके माग एकदम चालायचे की शेजारच्यानं कानाशी तोंड आणून बोंब मारली तरी नुसतं तोंड हलताना दिसायचं. म्हणून मागवाले ओठ वाचायला शिकतात. कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. आमच्या शेडात तेलुगू होते, मुसलमान होते, आमच्यासारखे मंगळवेढ्याकडून आलेले होते, पण माग चालू झाले की सगळ्यांची भाषा एक. चहा आला, तार तुटली, पगार उद्यावर गेला, सगळं बिनआवाजी. मालकाला शिवी द्यायला तर फारच सोयीचं. तो समोरून हसत जायचा आणि आम्ही त्याच्या पाठीवर शिव्या सोडायचो.

सुलन लग्न होऊन आली आणि त्याच शेडात कांड्या भरायला बसली. कांडीवर सूत गुंडाळताना त्याची बारीक रुई उडते. संध्याकाळी तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. मी हसायचो, म्हणायचो, "म्हातारी झालीस की गं." ती पदरानं तोंड पुसायची. नाकातोंडात किती गेली ते कोण पुसणार?

ओठ वाचायला ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. घरी आल्यावरही आम्ही तसंच बोलायचो, नुसते ओठ हलवत. सवयच लागली. शेजारीण म्हणायची, "सुलनच्या घरात भांडणं व्हत्यात, पर टीव्हीचा आवाज बंद केल्यावानी." माझे कान कधी गेले ते म्हणूनच कळलं नाही. समोर माणूस असला, त्याचं तोंड दिसत असलं, की माझं काही अडत नाही. त्यानं पाठ फिरवली की तो माझ्यापुरता मेला.

आता मोटारसायकलवर मागं बसलेल्या बायकोचे ओठ कसे वाचायचे? मी डावा आरसा आत फिरवला. त्यात रस्ता दिसायचा नाही, तिचं तोंड दिसायचं. लुगडं नेसून दोन्ही पाय डाव्या बाजूला टाकून बसायची, त्यामुळं तोंड बरोबर आरशात यायचं. एकदा सात रस्त्यावर पोलिसानं अडवलं. म्हणाला, "अहो काका, हा आरसा मागची गाडी बघायला असतो." मी म्हटलं, "मागची गाडी हीच हाय माजी." पोलीस हसला, सोडलं त्यानं. पुढच्या वळणावर आरशात सुलनचे ओठ हलले, "मी गाडी व्हय? मग पेट्रोल घाला." तिला भजी खायला घालावी लागली.

वर्षानुवर्षं हे असं चाललं. मैंदर्गीपर्यंत आरशात तिचं तोंड अखंड चालू. त्या पट्ट्यात तूर लई आलीय बघा. हळू. हळू म्हनलं की. त्या घराला नवा रंग दिलाय, पोराचं लगीन ठरलं असंल. तुमच्या भैनीनं काय तोंड केलं हुतं त्या दिवशी. एक डोळा रस्त्यावर, एक आरशात. कसा काय धडकलो नाही कुणास ठाऊक.

मग रस्ता मोठा झाला. गाड्या अंगावर येऊ लागल्या. दत्ता, आमचा एकुलता एक, पुण्याला कंपनीत आहे. गेल्याच्या गेल्या दिवाळीला त्यानं दोन हेल्मेटं आणली, हनुवटीपर्यंत सगळं झाकणारी. चांगल्या पोरानं चांगल्या मनानं आणली, मी नाही म्हणत नाही. सुलननं घालून बघितलं. "घागरीत डोस्कं घातल्यावानी हुतंय." पण लेकानं आणलंय म्हणून घातलं. मी गाडी काढली, आरशात बघितलं. काळी काच. तिचं तोंड गेलं.

त्या दिवशी मैंदर्गीपर्यंत मी एका हेल्मेटाला घेऊन गेलो. ती उतरली आणि भावाला म्हणाली, "तुज्या दाजीनं मला पार्सल करून आणलं रं. वाटंत किती बोलले मी, हूं न्हाय की चूं न्हाय."

दत्ता फोनवर व्हिडिओ लावूनच बोलतो, मला त्याचे ओठ दिसावेत म्हणून. तेवढी अक्कल आहे त्याला. त्याला हे सांगितल्यावर म्हणाला, "आबा, इंटरकॉम घ्या की. दोन हेल्मेटांत दोन डब्या बसतात. आई बोलली की थेट तुमच्या कानात. आवाज पायजे तेवढा वाढवा. भैरा मानूस बी ऐकतोय."

"कुनाला भैरा म्हनतोस रे?"

"शेजारच्याला म्हनलं आबा."

असल्या वस्तूंचं दुकान इरफानचं, विजापूर वेशीकडं. आम्ही दोघं गेलो. सुलननं जत्रेला निघाल्यासारखं इरकल नेसलं होतं. इरफाननं काचेवर डब्याच डब्या मांडल्या.

"चाचा, ये देखो. इसमें दस लोगां एकसाथ बात करते."

सुलन म्हणाली, "धा जनांनी काय बोलायचं? हितं दोघांत जमंना."

"हौ चाची. तो ये लेव. एक किलोमीटर तक सुनाई देता."

"बाबा, बायको मागच्या सीटवर हाय माजी," मी म्हटलं.

"मैलभर लांबनं बोलायचं आसतं तर लगीन कशाला केलं आसतं?" सुलन. इरफान पोट धरून हसला.

मला गाणी नको होती, रेडिओ नको होता. मला मोठं बटण पाहिजे होतं, हातमोजा घालून दाबता येईल असं, आणि आवाज फोडून काढणारा स्पीकर पाहिजे होता. एका सेटचा माइक दांडीचा होता. इरफान म्हणाला, तोंड झाकणाऱ्या हेल्मेटात दांडी बसत नाही, त्याला हा बारका चिकटवायचा माइक लागतो. बरोबर होतं त्याचं. मग त्यानं हेल्मेटातली गादी काढून आत स्पीकर लावला. मी घालून बघितलं, काही येईना. मी म्हटलं, वर सरकव. अजून वर. मागं. जरा हलला तरी माझ्या कानाला तो नाहीच. पोरानं न कंटाळता चारदा गादी काढली. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. साधा, स्वस्तातला सेट घेतला आम्ही, ज्यात जे बोललं जाईल ते जसंच्या तसं पलीकडं जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैंदर्गीला निघालो. जुन्या अक्कलकोट नाक्याच्या पुढं गेलो आणि कानात बायको आली.

कसं सांगू. इतकी वर्षं मी तिचे ओठ वाचत होतो. तिचा आवाज कसा आहे हे मी विसरून गेलो होतो. लग्नात ऐकलेला असेल. तो जरा घोगरा होता, आणि वाक्याच्या शेवटी वर चढायचा, मैंदर्गीकडं बोलतात तसा. मी गाडी हळू केली. ती म्हणाली, "का वं? पंक्चर झालं व्हय?" मी म्हटलं, "न्हाय. बोल तू."

आणि ती बोलत होती. ओठ वाचताना समोरचा जेवढं तुम्हाला सांगतो तेवढंच कळतं. इथं मला न सांगितलेलंही यायला लागलं. ती रस्त्यानं माहेरच्या कानडीत पुटपुटायची, स्वतःशीच. शेताला काही म्हणायची, बोरीच्या झाडाला काही म्हणायची. माझ्याशी घरात ती कधी कानडी बोलली नव्हती, मला येत नाही म्हणून. ते सगळं ती इतकी वर्षं माझ्या पाठीमागं बोलत आली असणार. आणि मध्येच "यव्वा". म्हणजे आई गं. यव्वा, यव्वा, अगदी हळू.

आणि शब्दांच्या मध्ये खरखर. सारखी. जुनी चादर दगडावर ओढावी तशी.

आता मागवाल्याला आवाज आला की त्याचा हात आधी यंत्राकडं जातो. कान गेले तरी माग बिघडला की मला पायातून कळायचं. धोटा घासतोय, पट्टा सैल आहे, कुठलं चाक कुरकुरतंय, मी सांगायचो आणि ते निघायचं. मी म्हटलं, माइकला वारा लागतोय. घरी येऊन माइकवर टॉवेलाचा मऊ तुकडा शिवून बसवला. पुन्हा गेलो. खरखर होतीच. गाडी अजून चालू केलेली नसायची, ती नुकती चढून बसलेली असायची, तेव्हा तर जास्तच. उभ्या गाडीला वारा कुठला लागतोय? एवढं डोकं चाललं नाही माझं.

मी सेट घेऊन इरफानकडं गेलो. सुलन बरोबर होतीच. मी काचेवर हेल्मेट आपटलं. "खराब माल दिलास बाबा. नुसती खरखर."

इरफाननं सुलनचं हेल्मेट स्वतः घातलं आणि दुकानाबाहेर जाऊन बोलला. माझ्या कानात स्वच्छ. आत येऊन म्हणाला, "मेरे बोलने से तो साफ आता, चाचा."

सुलन पटकन म्हणाली, "तुमी तरनं हाय, मोठ्यानं बोलताय. मशीनच खराब हाय ते. दुसरा दाखवा."

मग त्यानं भारीतला काढला. "चाची, इसमें नॉइज का फिल्टर है. हवा, हॉर्न, कुत्ते का भौंकना, सब कट. सिर्फ बात सुनाई देती."

पहिला परत देऊन तोच घेतला. चांगल्यातला घेतला म्हणून मी ऐटीत बाहेर आलो. वाटेत सुलननं विचारलं, "आता कसा येतोय आवाज?" मी म्हटलं, "घंटीवानी." ती हसली. हसणं मात्र निम्मंच आलं. त्या यंत्राला हसणं म्हणजे बोलणं वाटत नव्हतं. कानडीतलं पुटपुटणंही बंद झालं, तेही त्याच्या हिशेबात कचराच. मला वाटलं, बोलायची थांबली असेल. खरखर पण गेली. आवाज काय गोड यायचा म्हणून सांगू, फोनवरच्या कंपनीच्या बाईसारखा. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलो, घ्यायचा तर फिल्टरवाला घ्या.

त्या हुरड्यात मल्लप्पाच्या शेतात ती अगटीपासून लांब बसली. अगटी म्हणजे गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं भाजतात. मल्लप्पा म्हणाला, "ताई, हितं बस की, ऊब लागंल." ती म्हणाली, "धूर नको." मल्लप्पानं भाजलेलं कणीस हातावर चोळून गरम दाणे तिला नेऊन दिले. तिनं शेंगाचटणीबरोबर खाल्ले, माझ्याकडं बघून ओठ हलवले, "लई ग्वाड हाय." मी तिचे ओठ बघत होतो. ओठच बघत होतो.

संक्रांतीला पुन्हा गेलो तेव्हा बांध चढताना ती मध्येच खाली बसली. बसली ती उठेना. मल्लप्पानं बैलगाडी जुंपली नाही, जीप आणली.

दवाखान्यातली डॉक्टरीण पोरीच्या वयाची. तिनं फोटो खिडकीला धरून दाखवला, फुप्फुसं अशी अशी झालीत म्हणाली. सुताची रुई. कांड्या भरायच्या सोडून किती वर्षं झाली होती, पण आत गेलेली रुई काही राजीनामा देत नाही. मग म्हणाली, "आजोबा, हे आजचं नाही. किती दिवस दम लागत असेल त्यांना. छातीतून आवाज येत असणार. तुम्हाला ऐकू आला नाही?"

मी म्हटलं, "मी ओठ वाचतो. दम काय ओठावर दिसतोय व्हय?"

तिला काही कळलं नाही. दत्ताला कळलं. तो पुण्याहून रातोरात आला होता. तो म्हणाला, "आबा, आई तुमच्या शेजारी झोपत हुती." एवढंच म्हणाला. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मी त्याला तेव्हा सांगितलं नाही की ऐकू आला होता. कानात स्पीकर लावून ऐकला होता. मैंदर्गीपर्यंत ऐकला होता.

दवाखान्यात तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. म्हणजे पुन्हा तोंड झाकलं. ती मास्कच्या आत बोलायची, आतून प्लास्टिकवर वाफ धरायची, आणि मला एक अक्षर कळायचं नाही. दत्ता कान लावून ऐकायचा आणि मला सांगायचा, पाणी मागतेय, खिडकी लावा म्हणतेय. माझ्या बायकोचं बोलणं मला दुसऱ्यानं सांगायचं! मी म्हटलं, घरून सेट आणतो, तिच्या मास्कला माइक चिकटवतो. दत्ता ओरडला, "आबा, ह्यो दवाखाना हाय!" नर्सही हसली. हसू दे. मला आजही वाटतं, आणायला पाहिजे होता.

एकदा कोणी नव्हतं तेव्हा सुलननं स्वतःच मास्क बाजूला केला. माझ्याकडं बघत ओठ हलवले, सावकाश, शेडात लांबच्या मागावरून सांगायचो तसे. "पयलं मशीन चांगलं हुतं वं."

मी म्हटलं, "तुला म्हाईत हुतं?"

"माझाच दम. मला म्हाईत नसंल तर कुनाला?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले आसते तर हुरडा बंद केला आसता की तुमी."

नर्स आली आणि तिनं मास्क जागेवर बसवला.

पाडव्याच्या आत गेली. लोक आले, म्हणाले, सवाष्ण गेली, भाग्यवान. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. एक जण म्हणाला, "तरी शेवटच्या वर्षी दोघं हेल्मेट घालून गप्पा मारत फिरला, काय जोडी!" त्याला मी घराबाहेर काढलं. लोक चांगलं बोलतात ते स्वतःला बरं वाटावं म्हणून, त्यांच्या घरी बायको भांडी घासत असते.

तिच्यावर माझा राग आहे, हेही लिहून टाकतो. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. का नाही? मूठभर दाण्यांसाठी तिनं मला फसवलं. दुकानात माझ्या शेजारी उभी राहून दुसऱ्याचा माल खराब म्हणाली. आणि मी असा शहाणा की जन्मभर यंत्राचं ऐकत आलो, तर यंत्रच खराब असणार, माणूस कसा असेल?

सेट फडताळात होता. दोन डब्या. एकाच माणसाला त्याचा काही उपयोग नाही. एक डबी चालू केली की ती दुसरीला शोधत राहते, निळा दिवा लुकलुकत बसतो.

या वर्षी मल्लप्पाचा निरोप आला तसा दत्ताचाही फोन आला. तो आणि अश्विनी, माझी सून, नवी मोटारसायकल घेऊन पुण्याहून येणार, मैंदर्गीला हुरड्याला जायचं म्हणाले. जरा इकडचं तिकडचं बोलून दत्ता म्हणाला, "आबा, ती जोडी पडूनच हाय न्हवं? आमी लावू का?"

मी फोन बंद केला. मग तासाभरानं मीच लावला. "या. दीन ती जोडी."

सेट घेऊन इरफानकडं गेलो. म्हटलं, "यातला फिल्टर बंद कर."

"कैको चाचा? हवा आयेगी, हॉर्न आयेगा, सर दुखेगा."

"दुखू दे."

त्यानं फोनवर काहीतरी दाबलं, बंद केला. मी विचारलं, आमचा पहिला सेट कुठं आहे, परत घ्यायचाय. तो म्हणाला, "वो तो कब का बिक गया चाचा. कालेज का लड़का ले गया." मग माझ्या मागं दाराकडं बघून म्हणाला, "चाची नै आयी?" मी त्याच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. त्याला कळलं. त्यानं चहा मागवला. मी न पिता निघालो.

दत्ता आला. मी डब्या त्याच्या हातात दिल्या आणि सांगितलं, "यातला फिल्टर मी बंद करून आनलाय. तो चालू करायचा न्हाय."

"का वो आबा? त्याच्याशिवाय काय मजा?"

"तुज्या आईचा दम ऐकू येत हुता मला, पयल्या मशिनीत. मला वाटलं बिघाड हाय. मी चांगला सेट घिऊन तो दम बंद केला. म्हनून."

अश्विनीनं हातातला चहा खाली ठेवला. दत्तानं पाठ फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून काहीतरी बोलला. काय बोलला मला कसं कळणार? मी सुनेकडं बघितलं. तिनं मान हलवली, म्हणजे राहू द्या.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या गाडीवर पुढं, ती दोघं त्यांच्या गाडीवर मागं. माझा डावा आरसा अजून तसाच आहे. त्यात आता मागच्या सीटवरचं आभाळ दिसतं, आणि वळणावर जोंधळा. मेकॅनिक दरवेळी म्हणतो, सरळ करून देऊ का. मी हात लावू देत नाही. मागं काय येतंय त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. कारखाने आले. खटखट पायाला लागली. शेडाच्या दारात कुणी पोरगी तोंडाला रुमाल बांधून उभी होती, बाहेरची हवा खात. रुमालावर पांढरं साचलं होतं. मला थांबून तिला काही सांगावंसं वाटलं. काय सांगणार? काम सोड म्हणून? तिला खायला कोण घालणार, मी?

मल्लप्पा बांधावरच उभा होता. "बर्री, दाजी, या." त्यानं माझ्या मागं सीटकडं बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही, मला दिसलं. अगटी पेटली होती. पहिली कणसं विस्तवात सरकवली होती, कोवळं भाजल्याचा वास शेतभर झाला होता. बसायला घोंगडं टाकलेलं. ती लांब बसायची ती जागा रिकामी होती, तिथं कुणी चटणीचा डबा ठेवला होता.

अश्विनी हेल्मेट काढता काढताच बोलायला लागली. "आबा, काय ते! डोकं उठलं माझं. ह्यांचं सगळं ऐकू येतंय. सुपारी चघळतात ते येतंय, ट्रकवाल्याला शिव्या देतात ते येतंय."

"मग तू बी घोरत हुतीस की पुलावर," दत्ता म्हणाला.

"मी? मी जागी होते! आणि आबा, त्या कारखान्यांवरून आलो ना, तिथून हे नुसतं नाक ओढत होते. मी विचारलं काय झालं, तर म्हणे वारा लागतोय. काचेच्या आत कुठला वारा लागतोय हो?"

दत्ता खाली बघून बुटाची लेस सोडत होता. ती सुटलेलीच होती.

सुनेनं हेल्मेट घोंगड्यावर ठेवलं. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग त्याच्या जॅकेटावरचा भुसा उगीचच झटकला. त्याला ते अवघड झालं असावं, कारण तो हसून म्हणाला, "बरं बाई, तुझं डोकं उठलंय ना, थांब, करतो फिल्टर चालू. आबा, जाताना तेवढा चालू राहू द्या." आणि त्यानं खिशातून फोन काढला.

मी मल्लप्पाच्या हातातलं कणीस ओढून घेतलं. विस्तवातून नुकतं काढलेलं. तळहातावर चोळलं, कातडी पोळली, फुंकर मारून भुसा उडवला. दत्तासमोर जाऊन म्हटलं, "हात पसर."

"आबा, एक मिनिट..."

"पसर म्हनलं ना. दोन्ही."

त्यानं फोन काखेत धरला आणि ओंजळ केली. मी गरम दाणे त्यात टाकले. पोळायला लागलं तसा तो दाणे या हातातून त्या हातात नाचवायला लागला, फूऽ फूऽ करत, लहानपणी करायचा तसा. फोन काखेतून घोंगड्यावर पडला. अश्विनीनं तो उचलला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

पुण्याला पोचायच्या आत तो चालू करणारच, मला काही शंका नाही. हायवेला गाड्यांचा गोंगाट असतो, कोण ऐकत बसतंय. पण हात भरलेला असला की माणसाला बटण दाबता येत नाही. मी मल्लप्पाला म्हटलं, "अजून कणसं टाक."